जंगलाचा हिशेब आणि संगणकभाषांच्या सीमा

२०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी ट्रॅप कॅमेरे लागले आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून जास्त छायाचित्रं टिपली. त्यांत वाघाची निघाली ७६,६५१. दोन चौरस किलोमीटरच्या चौकटीमागे समोरासमोर कॅमेऱ्यांची एक जोडी, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एवढ्या छायाचित्रांतून प्राणी वेगळे करणं, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखणं आणि न दिसलेल्या वाघांचा अंदाज बांधणं हे हाताने होणारं काम नाही. २०२२ च्या गणनेत ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या नावापुढे ९७ हा आकडा आला, तोही असाच प्रोग्रॅमांच्या साखळीतून. शेजारच्या गडचिरोलीत दुसरा एक हिशेब चालतो: कोणत्या ग्रामसभेचं जंगल कुठून कुठवर आणि किती हेक्टर. सामूहिक वनहक्काचा कागद २००९ मध्ये मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) होतं, सुमारे १,८०० हेक्टरांसाठी. वाघ किती आणि जंगल किती, हे दोन्ही आकडे आज वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले प्रोग्रॅम एकमेकांची फंक्शनं बोलावून काढतात. वरचं काम आर किंवा पायथनमध्ये, त्याखाली सी प्लस प्लस, तळाशी सी आणि पन्नास वर्षांचं जुनं वळण सांभाळणारी फोरट्रान. अशा ठिकाणी काही बिघडलं की दोष भाषांच्या गर्दीवर जातो. माझ्या मते तो चुकीच्या जागी जातो. भाषा अनेक असल्याने नुकसान होत नाही. त्यांच्या सीमेवर काय ठरलं आहे हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं, त्याने होतं. आणि प्रोग्रॅम कोसळतो तेव्हा होणारं नुकसान किरकोळ असतं. खरं नुकसान तो न कोसळता चुकीचं उत्तर देतो तेव्हा होतं.

एका भाषेतलं फंक्शन दुसऱ्या भाषेतल्या फंक्शनला बोलावतं म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी पाहू. प्रोसेसरला भाषा कळत नाही. बोलावणारा काही आकडे ठरलेल्या जागी ठेवतो, परतीचा पत्ता सोडतो आणि उडी मारतो. बोलावलेला त्याच जागांवरून आकडे उचलतो आणि उत्तर ठरलेल्या जागी ठेवून परततो. या ‘ठरलेल्या’ गोष्टींना एकत्रितपणे एबीआय म्हणतात, आणि त्या भाषेने ठरवलेल्या नसतात; प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपायलर मिळून ठरवतात. ६४ बिटी इंटेल धाटणीच्या प्रोसेसरवर लिनक्स पहिल्या सहा पूर्णांकांसाठी रजिस्टर वापरतं. त्याच प्रोसेसरवर विंडोज चारांसाठीच वापरतं आणि वर स्टॅकमध्ये ३२ बाइट मोकळे सोडायला लावतं. सीमधला ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिटी लिनक्सवर आठ बाइटांचा आणि विंडोजवर चारच बाइटांचा. पायथनमध्ये २००६ पासून असलेली सीटाइप्स ही सोय कुठलंही सी फंक्शन थेट बोलावू देते. पण परत येणारी गोष्ट कोणत्या प्रकारची हे सांगितलं नाही तर ती साधा ‘इंट’ आहे असं धरून चालते. आला असेल ६४ बिटी पत्ता, तर त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. पत्ता योगायोगाने लहान असेल तर सगळं सुरळीत चालतं. म्हणजे चाचणीच्या दिवशी चालणारा प्रोग्रॅम पुढच्या महिन्यात, जास्त मेमरीच्या यंत्रावर, कुणीही एक ओळ न बदलता पडू शकतो.

सी प्लस प्लसमध्ये गुंता वाढतो, कारण तिथे फंक्शनच्या नावाचीही खात्री नाही. एकाच नावाची अनेक फंक्शनं चालत असल्याने कंपायलर प्रत्येकाला आतून वेगळं नाव देतो. दोन दशांश संख्या घेणाऱ्या फंक्शनला जीसीसी हा कंपायलर नाव देईल ते असं: अंडरस्कोअर, झेड, मूळ नावात किती अक्षरं तो आकडा, मग ते नाव आणि शेवटी दोन ‘डी’. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचं नाव प्रश्नचिन्हाने सुरू होतं. दोघांनी एकाच फाइलमधून बांधलेल्या तुकड्यांना एकमेकांची फंक्शनं सापडतच नाहीत. हा त्यातल्या त्यात सुखाचा बिघाड म्हणायचा, कारण लिंकर तिथेच थांबवतो. एकाच कंपायलरच्या दोन आवृत्त्यांतही हे होतं. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने, नव्या मानकाची अट पाळायला, अक्षरमालेचा प्रकार मेमरीत मांडण्याची पद्धत बदलली. जुन्या आणि नव्या पद्धतीच्या लायब्ररी एकत्र जोडताना कित्येकांचे दिवस गेले. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची २०१५ पूर्वीची प्रत्येक मोठी आवृत्ती आधीच्या आवृत्तीशी न जुळणारी होती, तेव्हापासून ती जुळते.

नकाशांच्या क्षेत्रात या प्रश्नाचं उत्तर दोन वेगळ्या मार्गांनी दिलं गेलं आहे, आणि जिऑस या एकाच लायब्ररीत ते दोन्ही दिसतात. दोन बहुभुज एकमेकांना कुठे छेदतात, एक क्षेत्र दुसऱ्यात सामावतं का, अशा भूमितीसाठी कॅनडात मार्टिन डेव्हिस यांनी जावामध्ये जेटीएस ही लायब्ररी लिहिली. पोस्टजीआयएस या डेटाबेसला तीच भूमिती हवी होती. पण तो सीमध्ये, आणि डेटाबेसच्या पोटात जावाचं अख्खं यंत्र चालवणं कुणाला नको होतं. म्हणून जेटीएस सी प्लस प्लसमध्ये पुन्हा लिहिली गेली, तीच जिऑस. वीस वर्षं झाली तरी जेटीएसमधली सुधारणा हाताने जिऑसमध्ये उतरवावी लागते. बहुभुज एकमेकांवर ठेवण्याची नवी पद्धत अशीच २०२० च्या अखेरीस जिऑसच्या ३.९ आवृत्तीत आली. भाषेची सीमा टाळण्यासाठी सगळं पुन्हा लिहिलं, तर हे काम कधी संपत नाही. दुसरा मार्ग जिऑसनेच पुढे धरला. आमची सी प्लस प्लसची बाजू कधीही बदलेल, तिच्यावर विसंबू नका, असं तिचे कर्ते स्पष्ट सांगतात. बाहेरच्यांसाठी सीमध्ये एक अरुंद दार ठेवलं आहे आणि ते बदलत नाही. पोस्टजीआयएस, क्यूजीआयएस, पायथनची शेपली, आरचं एसएफ पॅकेज, सगळे त्या दारातून ये-जा करतात. तहसील कार्यालयातल्या विंडोज संगणकावर क्यूजीआयएस आणि पायथन मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेले असतात, आर जीसीसीने. तरी त्यांच्या खाली तीच भूमिती चालते, ती या शिस्तीमुळे.

विंडोजचा विषय निघालाच आहे तर मराठी नावांचंही सांगायला हवं, कारण आपल्याकडे हा बिघाड फार दिवस ‘संगणकात मराठी नीट चालत नाही’ अशा ढोबळ तक्रारीत जमा होत होता. विंडोजवरची आर आपली सगळी अक्षरं त्या यंत्राच्या जुन्या संकेतावलीत बसवू पाहायची. तिथे देवनागरी नाही. त्यामुळे तक्ता छापताना गडचिरोलीतल्या ‘ग’ऐवजी कोनी कंसात ‘यू, अधिक, ०९१७’ असं काही उमटायचं आणि गावांच्या नावांची यादी आकड्यांची रांग व्हायची. दोष आर भाषेचा नव्हता आणि देवनागरीचा तर नव्हताच. आर ज्या सी रनटाइमवर बांधली जात होती त्याला यूटीएफ-८ ही मूळ संकेतावली म्हणून चालत नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये आर ४.२ ने नवं रनटाइम घेतलं आणि विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांवर प्रश्न मिटला. किंमत मात्र मोठी होती. जुन्या आणि नव्या रनटाइमसाठी बांधलेले तुकडे एकत्र जोडता येत नाहीत, म्हणून कंपायल होणारं प्रत्येक पॅकेज आणि त्याखालची प्रत्येक लायब्ररी पुन्हा बांधावी लागली. एका अक्षराची मेमरीतली मांडणी किती खोलवर गृहीत धरलेली असते ते या एका बदलात दिसलं.

अलिखित कराराचं याहून बोलकं उदाहरण २०१९ चं आहे. संख्याशास्त्राचं बरंचसं काम शेवटी बीएलएएस आणि लॅपॅक या फोरट्रान लायब्ररींकडे जातं. त्यांच्या काही फंक्शनांना ‘यू’ किंवा ‘एल’ असं एक अक्षर द्यावं लागतं. फोरट्रान कंपायलर अशा प्रत्येक अक्षरमालेबरोबर तिची लांबीही न सांगता शेवटी जोडतो. सीमधून बोलावणाऱ्यांनी ती लांबी कधी दिलीच नाही. अक्षर एकच, त्याची लांबी काय सांगायची! कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं, कारण पलीकडचं फंक्शन ती लांबी वाचत नव्हतं. मग जीफोरट्रान या फोरट्रान कंपायलरने एक काटकसर सुरू केली: एका फंक्शनच्या शेवटी दुसऱ्याला बोलावताना नवी जागा न घेता आलेल्या जागेवरच लिहायचं. बोलावणाऱ्याने लांबीसाठी जागा ठेवलेलीच नव्हती, त्यामुळे हे लिहिणं त्याच्याच मालकीच्या मेमरीवर होऊ लागलं. आरची पॅकेजं चाचण्यांत अनाकलनीय रीतीने पडू लागली तेव्हा शोध लागला. कंपायलर लिहिणाऱ्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं, की तुम्ही कराराप्रमाणे बोलावत नव्हता. पण तो करार त्या पिढीच्या प्रोग्रॅमरांना कुणी दाखवला होता? शेवटी दोन्ही बाजूंनी माघार घेतली: कंपायलरमध्ये पळवाट ठेवली गेली आणि आरने आपल्या शीर्षफाइलींत लांबी देण्याची लेखी सोय केली. सीशी बोलण्याची लेखी रीत फोरट्रानच्या २००३ च्या मानकात होतीच. तोवरचा सगळा जुना साठा तिच्याआधीचा होता.

मेमरीची मालकी हा याच जातीचा मुद्दा. एका बाजूने मागितलेली जागा दुसऱ्या बाजूने सोडायची नाही, हा नियम विंडोजवर दोन रनटाइम एकत्र आले की मोडतो. आरमध्ये चूक उद्भवली की ती थेट मागे उडी मारते आणि वाटेतल्या सी प्लस प्लसची आवराआवर राहून जाते. आरला सी प्लस प्लसशी जोडणारी आरसीपीपीसारखी पॅकेजं हे सांभाळतात. वाघांच्या घनतेचा अंदाज करणारं, जगभर वापरलं जाणारं ‘सेकर’ हे पॅकेज आपलं जड काम सी प्लस प्लसकडे देतं ते याच पुलावरून.

इथवरचे बिघाड निदान आवाज करतात. जंगलाच्या नकाशांना खरा धोका पुढच्या प्रकारात आहे, जिथे बिट, बाइट, प्रकार सगळं जुळतं आणि अर्थ जुळत नाही. स्थानांचं रूपांतर करणाऱ्या प्रोज या लायब्ररीची सहावी आवृत्ती आणि तिच्यावर उभं असलेलं, नकाशांच्या फाइली वाचणारं-लिहिणारं जीडॅल ३ ही दोन्ही २०१९ मध्ये आली. त्यांनी एक जुनी सवय मोडली. तोवर सगळे आधी रेखांश आणि मग अक्षांश देत होते; प्रमाण नोंदवहीत डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक प्रणालीचा क्रम आधी अक्षांश असा आहे आणि जीडॅल ३ तो पाळू लागलं. फंक्शन तेच, प्रकार तेच, दोन दशांश संख्या. कंपायलरला तक्रार करायला जागाच नाही. गडचिरोली शहर साधारण २० अंश उत्तर आणि ८० अंश पूर्व असं आहे. क्रम उलटला की ते ८० अंश उत्तर आणि २० अंश पूर्व होतं, म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या हिमनद्यांत. गडचिरोली तिथे गेली तर कुणाच्याही लक्षात येईल, म्हणून ही चूकही तशी सुसह्य. न दिसणारी चूक आधारप्रतलाची, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या प्रारूपावर मोजले त्याची. आपले जुने टोपोशीट एव्हरेस्टच्या लंबगोलावर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. कल्याणपूर १९७५ या आधारप्रतलावरून जागतिक प्रणालीवर येण्यासाठी २९५, ७३६ आणि २५७ मीटर अशा तीन सरकवण्या नोंदलेल्या आहेत. पूर्वी या सरकवण्या प्रक्षेपणाच्या एका ओळीत लिहिलेल्या असत आणि भाषेच्या सीमेवरून तीच ओळ इकडून तिकडे दिली जाई. नव्या रचनेत तशी ओळ बाहेर काढताना बहुतेक वेळा तो भाग गळतो. जुनी स्क्रिप्ट चालते, नकाशा निघतो, आणि गडचिरोलीच्या परिसरात तो सुमारे दीड-दोनशे मीटर सरकलेला असतो, त्यातला बराचसा भाग पूर्व-पश्चिम. १,८०० हेक्टरांचं जंगल चौकोनी धरलं तर त्याची बाजू सव्वाचार किलोमीटर भरते. १६० मीटर सरकलं की एका अंगाला सुमारे ६८ हेक्टरांची पट्टी शेजारच्या गावात जाते. एकूण क्षेत्रफळ मात्र जवळजवळ तेवढंच राहतं, म्हणून बेरीज तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही. प्रोजची जुनी शीर्षफाइल २०२१ च्या आठव्या आवृत्तीत काढूनच टाकली गेली, आणि आरला जीडॅलशी जोडणारं आरजीडॅल हे वर्षानुवर्षं वापरात असलेलं पॅकेज नॉर्वेतल्या रॉजर बिव्हँड यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त केलं. अनेकांनी कुरकुर केली. मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो, कारण चुकीचं उत्तर देत राहण्यापेक्षा चालायचं थांबणं बरं.

सीमेवरचे करार लिहून ठेवा, या म्हणण्यावर चार आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला: सगळं एकाच भाषेत लिहा. पण आर स्वतःच सी, फोरट्रान आणि आर अशा तिघींत लिहिलेली आहे, आणि जेटीएसचं पुनर्लेखन किती काळ चाललं आहे ते वर आलंच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: फंक्शन थेट बोलावूच नका, प्रोग्रॅम वेगळे ठेवा आणि फाइलींतून बोला. कोसळण्यापुरतं हे खरं आहे. एक पडला तरी दुसरा वाचतो. पण फाइल हाही करारच. वनखात्यापासून स्वयंसेवी संस्थांपर्यंत सर्रास फिरणारी शेपफाइल घ्या. तिच्या स्तंभाच्या नावाला दहा बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘ग्रामसभा’ या नावाच्या स्तंभातलं ग, हलन्त आणि र एवढंच आत मावतं, म्हणजे फक्त ‘ग्र’. प्रक्षेपणाची माहिती वेगळ्या फाइलीत असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ती मागे राहिली की तेच दीड-दोनशे मीटर पुन्हा हजर. तिसरा आक्षेप: जे चालतं आहे ते सगळ्या आवृत्त्यांसह गोठवून ठेवा. पुरावा म्हणून अशी गोठवलेली प्रत जरूर ठेवावी, दहा वर्षांनी वाद झाला तर तोच आकडा पुन्हा काढून दाखवता येतो. पण गोठवण्याने चूकही जशीच्या तशी टिकते. चौथा म्हणतो की रस्टसारख्या नव्या भाषा आणि वेबअसेंब्ली हा प्रश्न सोडवतील. रस्टला आजही स्वतःचा स्थिर एबीआय नाही, ती बाहेरच्यांशी सीच्याच दारातून बोलते. वेबअसेंब्लीच्या घटकरचनेत अक्षरमाला, यादी, मालकी असं बरंच काही सीमेवरच लिहून ठेवता येतं, आणि ही खरी प्रगती आहे. तरी दोन दशांश संख्यांपैकी पहिली रेखांश की अक्षांश, हे कुणीतरी वेगळा प्रकार करून लिहिल्याशिवाय तीही सांगू शकणार नाही. पायथनच्या पायप्रोजमध्ये ‘नेहमी आधी रेखांश’ असं सांगणारं एक कलम आहे. ते लिहायला एक ओळ लागते, आणि ती ओळ नसलेल्या स्क्रिप्ट अजून भरपूर फिरत असणार.

यंत्रातून निघालेला नकाशा म्हणजे निर्विवाद पुरावा, हा समज कायद्यालाही मान्य नाही. वनहक्क नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने उपग्रह-प्रतिमा आणि इतर तंत्रज्ञान पूरक पुरावा म्हणून चालतील, बाकीच्या पुराव्यांची जागा घेणार नाहीत, असं स्पष्ट म्हटलं आहे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एबीआय नसणार, तरी निष्कर्ष योग्य आहे. नकाशा तयार करून देणाऱ्याकडून आपण सध्या फक्त नकाशा घेतो. त्याबरोबर तो कोणत्या प्रोग्रॅमच्या, प्रोजच्या आणि जीडॅलच्या कोणत्या आवृत्तीवर निघाला, मूळ बिंदू कोणत्या आधारप्रतलावरचे होते आणि कोणत्या रूपांतराने आले, एवढं अर्ध्या पानावर लिहून घेणं कुठल्याही कार्यालयाला जड नाही. दुसरं काम त्याहून सोपं आहे. प्रत्येक तालुक्यात जागेवर जाऊन पाहता येतील असे तीन-चार पक्के बिंदू निवडावेत: पुलाचा कठडा, देवळाची पायरी, कक्षाच्या हद्दीचा दगड. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की हे बिंदू साखळीच्या एका टोकातून घालून दुसऱ्या टोकाला कुठे निघतात ते पाहावं. दहा मीटरच्या आत आले तर पुढे जावं, नाहीतर थांबावं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या ग्रामसभांनी आणि जिल्हा समित्यांनी पुढचा नकाशा स्वीकारण्याआधी ही दोन कागदपत्रं मागावीत: आवृत्त्यांचं अर्धं पान आणि पक्क्या बिंदूंचा ताळा. दोन्ही नसतील तर नकाशा परत पाठवावा.